८,५०० मधली एक

परदेशी लोकांबद्दल इथल्या माणसांना नेमकं काय वाटतं, हे स्वित्झर्लंडमध्ये कुणाला विचारत बसावं लागत नाही. ते छापून येतं, तेही दशांश चिन्हासकट. ९ फेब्रुवारी २०१४ च्या रविवारी ५०.३ टक्के मतदारांनी सांगून टाकलं की बाहेरून येणारी माणसं फार झाली, आता त्यांच्या संख्येला लगाम घाला. होकार आणि नकार यांत वीस हजार मतांचंही अंतर नव्हतं. वानखेडेवर एका सामन्याला याहून जास्त लोक असतात.

सोमवारी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी सगळे जरा अवघडूनच उभे होते. आमचा विभाग बाझलमधल्या कुठल्याही औषध कंपनीत असतो तसाच होता. बरेच जर्मन, रोज सकाळी अल्सासमधून सीमा ओलांडून येणारे काही फ्रेंच, एक पोलिश, दोन-तीन स्विस आणि मी. माझ्या शेजारी बसणारा स्विस सहकारी, अगदी सज्जन माणूस, कप घेऊन माझ्यापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "हे तुझ्याबद्दल नव्हतं हं." त्या आठवड्यात हे वाक्य मला खूप जणांनी ऐकवलं. मुलाच्या बालवाडीतल्या बाईंनी, दातांच्या डॉक्टरांच्या मदतनिसाने, वरच्या मजल्यावरच्या आजींनी. सगळ्यांनी मनापासून सांगितलं. सगळे चुकले. ते मतदान अखेरीस आलं ते आमच्यासारख्यांच्याच अंगावर.

का, ते सांगण्याआधी इथली रचना थोडी समजून घ्यावी लागेल. स्विस कायद्याच्या लेखी परदेशी माणूस दोन जातींचा. युरोपियन युनियनचा, आणि उरलेल्या जगाचा. पहिल्यासाठी १ जून २००२ पासून मुक्त वावराचा करार लागू आहे. नोकरीचा करार हातात घ्यायचा, गावच्या कचेरीत नाव नोंदवायचं, परमिट घ्यायचं, झालं. दुसऱ्यासाठी कोटा आहे. आज तो वर्षाला ८,५०० चा आहे, त्यातले ४,५०० दीर्घ मुदतीचे बी परमिट आणि ४,००० अल्पमुदतीचे एल. अमेरिकन, चिनी, ब्राझिलियन, भारतीय, सगळे त्याच ८,५०० मध्ये. मालकाला आधी दाखवून द्यावं लागतं की या जागेसाठी स्वित्झर्लंडात माणूस मिळाला नाही आणि संपूर्ण युरोपातही मिळाला नाही. जाहिराती कुठे दिल्या, किती अर्ज आले, त्यातले का नाकारले, पगार इथल्या दराने आहे की नाही, सगळ्याची फाईल आधी कॅन्टनकडे, म्हणजे इथल्या राज्याकडे, आणि मग राजधानी बर्नला जाते. माझ्याही नावाची अशी एक फाईल आहे. औषधांच्या चाचण्यांतलं संख्याशास्त्र करणारा माणूस लिस्बनपासून टालिनपर्यंत कुठेही मिळाला नाही, असं त्यात कुणीतरी लिहून दिलेलं आहे. ते वाचून माझ्या आईला माझा जो अभिमान वाटला, त्याला मी कधी धक्का लावलेला नाही.

तर २०१४ च्या कौलाने राज्यघटनेत कलम आलं की तीन वर्षांच्या आत स्थलांतरावर वार्षिक मर्यादा आणि कोटे घालावेत. पण युरोपशी केलेल्या करारात कोट्याला जागाच नव्हती, आणि तो करार मोडला तर त्याच्याबरोबर बांधलेले व्यापाराचे बाकीचे करारही आपोआप मोडणार होते. कौलानंतर लगेच मुक्त वावर क्रोएशियालाही लागू करण्याचा करार अडकला, आणि युरोपियन युनियनने संशोधनाच्या आणि विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीच्या मोठ्या योजनांतून स्विस विद्यापीठांना बाजूला काढलं. संसदेने अडीच-तीन वर्षं घोळ घातला आणि डिसेंबर २०१६ मध्ये कायदा केला तो असा, की ज्या व्यवसायांत बेकारी जास्त आहे तिथल्या जागा मालकांनी आधी रोजगार केंद्राला कळवाव्यात. युरोपियन माणसांवर कोटा नाहीच.

दरम्यान सरकारला काहीतरी केल्याचं दाखवायचं होतं. युरोपियनांना हात लावता येत नव्हता, मग हात जिथे पोचत होता तिथे लावला. २०१५ साठी उरलेल्या जगाचा कोटा ८,५०० वरून ६,५०० वर आणला. लोकांचा राग होता तो झुरिचच्या घरभाड्यांवर, खच्चून भरलेल्या गाड्यांवर, मोठ्या हुद्द्यांवर बसलेल्या जर्मनांवर. त्या वेळी देशात वर्षाकाठी निव्वळ ऐंशी हजारांच्या आसपास माणसं वाढत होती आणि त्यातले बहुतेक युरोपातलेच होते. कात्री मात्र चालली ती पुण्या-बंगळुरूच्या इंजिनिअरांवर. माझी पुण्याची एक मैत्रीण त्या काळात अशी अडकली. करारावर सह्या झालेल्या, कोथरूडचं भाड्याचं घर सोडलेलं, सामानाच्या पेट्या दिराच्या गॅरेजमध्ये, आणि कळलं की कोटा संपला. तीन महिने ती दिराच्या घरी दिवाणखान्यात झोपली. आपण कुणाच्या रागाचे पैसे भरतोय, हे तिला कधी कळलंच नाही. तो कोटा परत ८,५०० वर यायला २०१९ उजाडलं.

इमिग्रेशन कडक हवं की सैल, या वादात मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे. लोक कडक करा म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एक माणूस असतो, आणि प्रत्यक्षात कडकपणा सोसतो भलताच. सरकारचा हात लांबचा नसतो. जो आधीच अर्ज करून दारात उभा आहे, ज्याची फाईल आहे, ज्याला करार वाचवत नाही, त्याच्यापर्यंतच तो पोचतो.

*

बाझलच्या कडेला लोकांना भाज्या लावायला छोटे तुकडे भाड्याने मिळतात. प्रत्येकात एक लाकडी खोपट, पाण्याची टाकी आणि झेंड्याची काठी. आमच्या तुकड्यात मी मेथी आणि अळू लावते. अळू थंडीत तग धरत नाही, दर वर्षी कांदे घरात काढून ठेवावे लागतात. शेजारच्या तुकड्यात एक इटालियन आजोबा टोमॅटो लावतात. त्यांच्या काठीवर दोन झेंडे, वर स्विस, खाली इटालियन. मला ते सिन्योरा म्हणतात आणि माझ्या मेथीला गवत.

त्यांचे वडील साठच्या दशकात व्हेनेतोमधून इथे गवंडीकामाला आले ते हंगामी परमिटवर. हा प्रकार आजच्या तरुण स्विसांनाही धड ठाऊक नसतो. हंगामी मजुराला वर्षातले नऊ महिने राहता यायचं, मग तीन महिने देश सोडायचा, आणि पुढच्या वर्षी परत यायचं. कियास्सो किंवा ब्रिगच्या सीमेवर गाडी थांबली की पुरुषांना रांगेत उघडं उभं करून क्षयासाठी छातीचा एक्स-रे काढायचे. मालक बदलायचा नाही, कॅन्टन बदलायचा नाही, राहायचं कंपनीच्या बराकीत. आणि बायको-मुलांना आणायचं नाही. धरणं, बोगदे, महामार्ग, अर्ध्या देशाचं काँक्रीट या माणसांनी ओतलं. ३० ऑगस्ट १९६५ ला मातमार्कच्या धरणावर हिमनदीचा कडा कोसळला आणि ८८ कामगार गाडले गेले, त्यातले ५६ इटालियन होते.

कायद्याने मुलं नको म्हटलं म्हणून मुलं व्हायची थांबत नाहीत. आजोबा पाच वर्षांचे असताना आईबरोबर पर्यटक म्हणून आले आणि राहिले. आईला धुलाई केंद्रात काम मिळालं. ही दोघं सकाळी निघून जायची आणि हे एका खोलीत. खिडकीपाशी जायचं नाही. बूट घालून चालायचं नाही, खाली घरमालकीण राहते. संडासाची साखळी दिवसा ओढायची नाही. शाळा नाही, कारण शाळा म्हणजे नोंद. "मला चालायचं ते मोजे घालून," असं त्यांनी एकदा टोमॅटोला काठ्या बांधता बांधता सांगितलं, आणि गाठ मारून दुसऱ्या रोपाकडे वळले. अशी हजारो मुलं या देशात कपाटाआड वाढली. कुणी सीमेपलीकडच्या अनाथाश्रमात ठेवली गेली, आईबाप जिवंत असताना. हा हंगामी परमिटचा कायदा गेला तो थेट २००२ मध्ये, मुक्त वावर आल्यावर.

कडक कायद्याचा याहून कडक नमुना शोधून सापडणार नाही. आणि तरी माणसं येतच राहिली, कारण त्यांना बोलावणारे मालक याच देशातले होते. स्विस लेखक माक्स फ्रिश यांनी १९६५ मध्ये लिहिलेलं वाक्य इथे शाळेत शिकवतात: आम्ही कामाचे हात मागवले, आणि आली माणसं. मला त्या कायद्याचा राग येतो तो क्रूर म्हणून तर आहेच, पण त्याहून जास्त खोटा म्हणून. घाम हवा, पण घामाच्या माणसाचं पोर नको, आणि हे सगळं नियमात बसवून.

एवढं सोसलेले आजोबा २०१४ ला कुठल्या बाजूने मत देऊन आले असतील? हो म्हणून आले. त्यांच्याकडे लाल स्विस पासपोर्ट आहे. मी विचारलं तेव्हा त्यांना काही विशेष वाटलं नाही. नातवाला बाझलमध्ये तीन खोल्यांचं घर मिळत नव्हतं, आणि "आम्ही काम करायला आलो होतो, सिन्योरा." म्हणजे आताचे येतात ते कशाला, हे विचारायचं मी टाळलं. माझी मेथी त्यांच्याच पाण्याच्या पाइपवर जगते.

*

ते पोर मोजे घालून चालत होतं त्यानंतर थोड्याच वर्षांत, ७ जून १९७० ला, या देशाने परक्यांवरचं पहिलं मोठं मतदान घेतलं. जेम्स श्वार्झेनबाख हा झुरिचच्या गिरणीमालक घराण्यातला, इंग्रजी नावाचा, उत्तम कपडे घालणारा प्रकाशक. संसदेत त्याच्या पक्षाचा तो एकटाच. त्याची मागणी होती की कुठल्याही कॅन्टनात परदेशी दहा टक्क्यांहून जास्त नसावेत, जिनिव्हाला तेवढी सवलत पंचवीस टक्क्यांची. मंजूर झालं असतं तर तीन लाखांवर माणसांना गाशा गुंडाळावा लागला असता. सरकार, सगळे मोठे पक्ष, कामगार संघटना, कारखानदार, चर्च, झाडून सगळे विरोधात. तरी ४६ टक्के लोक हो म्हणाले. मतदारांपैकी तीन चतुर्थांश बाहेर पडले होते, आणि ते सगळे पुरुष होते. स्विस बायकांना देशपातळीवर मताचा हक्क मिळाला १९७१ मध्ये. तिथेही मतदानच घ्यावं लागलं, आणि ते पुरुषांनीच केलं. अपेन्झेल इनररोडेनच्या पुरुषांनी तर कॅन्टनच्या मतदानात बायकांना १९९० पर्यंत ताटकळत ठेवलं, शेवटी कोर्टाने ऐकवलं. जनतेचं मत, जनतेचं मत म्हणताना जनता म्हणजे कोण ते आधी बघून घ्यावं, ही सवय मला इथेच लागली.

श्वार्झेनबाख हरला. पण मतदानाच्या आधीच, मार्चमध्ये, सरकारने घाबरून परदेशी कामगारांच्या एकूण संख्येवर मर्यादा घालून टाकली होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर तर मतदानाचीही गरज उरली नाही. परमिटांचं नूतनीकरण थांबलं आणि दोन लाखांच्या वर कामगार मुकाट निघून गेले. स्वित्झर्लंडात बेकारी वाढली नाही. ती इटलीच्या कालाब्रियात आणि स्पेनच्या गॅलिसियात वाढली.

याच वर्षांतली मुंबई मी पाहिलेली नाही, पण घरात ऐकलेली आहे. १९ जून १९६६ ला शिवसेना निघाली. त्याआधीपासून 'मार्मिक'मध्ये कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून यायच्या, दाक्षिणात्य नावांच्या. आमचे बाबा तेव्हा नुकते मॅट्रिक होऊन टायपिंगच्या परीक्षा देत होते. याद्या ते शेवटपर्यंत वाचायचे. बॅलार्ड पिअरच्या एका कंपनीत मुलाखतीला गेले तर साहेबाने त्यांच्याशी इंग्रजीतून दोन वाक्यं बोलून त्यांना परत पाठवलं, आणि जागा साहेबाच्या गाववाल्याला गेली. निदान बाबांची समजूत तशी, आणि ती जन्मभर गेली नाही. मला त्यांची तक्रार खोटी वाटत नाही. आपल्याच शहरात आपण उमेदवार आणि बाहेरचा साहेब, हे जिवाला लागणारच. पण दगड पडले ते कुठे? नोकऱ्या देणारी ऑफिसं फोर्टमध्ये होती, आणि काचा फुटल्या उडप्यांच्या हॉटेलांच्या. फोर्टातल्या त्या साहेबाच्या केबिनपर्यंत कुणाचा दगड पोचणार होता?

ही तुलना फार ताणण्यात अर्थ नाही, हे कबूल. मद्रासहून मुंबईला येणारा माणूस आपल्याच देशात फिरत होता, घटनेच्या १९ व्या कलमाने तो हक्क त्याला दिलेला होता. मी इथे कुणाच्या तरी परवानगीने आहे. पण इथले लोक जे बोलतात ते ऐकताना मला अनोळखी असं काही ऐकू येत नाही. तेच "आमच्या पोरांना जागा नाही", तेच "हे लोक आपल्याच माणसांना आत घेतात", तेच "यांनी निदान आपली भाषा तरी बोलावी". इटालियनांना इथे चिंग म्हणून हिणवायचे, आपल्याकडे यंडुगुंडू. आणि भूमिपुत्र ठरायला महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्यासाठी पंधरा वर्षं लागतात, स्विस नागरिक व्हायला दहा. इथल्या मित्रांना हे सांगितलं की ते खूश होतात.

*

परदेशी जिथे कमी तिथे त्यांची भीती जास्त, असं शहरी लोक आवडीने सांगतात. २०१४ चा नकाशा बघितला तर त्यात तथ्यही दिसतं. बाझल शहर, जिनिव्हा, व्हो इथे साठ टक्क्यांच्या वर लोक नाही म्हणाले, आणि डोंगरातल्या छोट्या जर्मन कॅन्टनांनी हो म्हणून घेतलं. पण हा सिद्धांत तिचिनोपाशी मोडतो. तिचिनो हा आल्प्सच्या पलीकडचा इटालियन बोलणारा कॅन्टन, परक्यांची पुरेपूर सवय असलेला. तिथे ६८.२ टक्के हो पडले, देशात सर्वाधिक. साडेतीन लाख वस्तीच्या त्या कॅन्टनात तेव्हा रोज साठ हजारांच्या आसपास लोक इटलीतून सकाळी गाडी चालवत कामाला यायचे आणि संध्याकाळी परत जायचे. त्यांना खर्च इटलीचा, म्हणून पगार कमी चालतो. मग लुगानोतल्या दुकानात काउंटरवर उभ्या असलेल्या मुलीला मालक तोच कमी पगार दाखवतो आणि म्हणतो, नको तर राहू दे, कोमोहून येणारे शंभर आहेत. या मुलीला कुणी मागास किंवा द्वेष्टी म्हणू लागलं तर माझं डोकं फिरतं. तिला तिचा पगार दिसतोय.

पुढे तिचिनोने जे केलं ते मला जास्त पटलं. १४ जून २०१५ ला त्यांनी कॅन्टनात किमान वेतन असावं असा कौल दिला. अंमल यायला २०२१ उजाडलं, त्यात पळवाटाही आहेत, पण निदान तो बाण मालकाच्या दिशेने सुटला होता. घरभाड्याचा राग घरबांधणीकडे न्यावा, पगाराचा पगाराकडे, गाडीतल्या गर्दीचा रेल्वेकडे. हे बोलायला सोपं आहे, पोस्टरवर काढायला अवघड. पोस्टरवर मेंढ्या काढता येतात. इथल्या उजव्या पक्षाने २००७ मध्ये काढल्या होत्या, तीन पांढऱ्या मेंढ्या आणि त्यातली एक काळ्या मेंढीला झेंड्याबाहेर लाथ मारतेय.

मतदान कशावर घ्यावं याला मात्र मर्यादा असावी, असं माझं मत एमेनच्या गोष्टीने पक्कं झालं. लुत्सर्नजवळच्या या गावात नागरिकत्वाचे अर्जही मतपेटीत जायचे. मार्च २००० मध्ये गावकऱ्यांच्या घरी एक पुस्तिका आली. तीत २३ अर्ज, ५६ माणसं. प्रत्येकाचा फोटो, मूळ देश, धंदा, छंद. लोकांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून एकेकापुढे हो किंवा नाही लिहिलं. मोजल्यावर काय निघालं? चार इटालियन घरं पास. बाकी सगळे, ज्यांत बहुतेक युगोस्लाव्हियाकडचे, नापास. तीस वर्षांपूर्वी ज्यांना हाकलायला देश निघाला होता, तेच आता सोयरे झाले होते आणि रांगेच्या शेवटी नवे लोक उभे होते. जुलै २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं मतदान घटनाबाह्य ठरवलं. ज्याला नाकारता त्याला कारण द्यावं लागेल, आणि मतपेटी कारण देत नाही. किती माणसं घ्यायची ते लोकांनी ठरवावं, माझी हरकत नाही. मी स्वतः मोजून घेतलेली आहे आणि त्याचा मला राग नाही. पण हा बावर्ची घ्यायचा आणि तो गवंडी नाही, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी फोटो बघून ठरवायचं नसतं.

आपले लोक यात कुठे बसतात? गणपतीत हॉल भाड्याने घेतो तेव्हा आरती आणि मसालेभात यांच्या मधल्या वेळात हा विषय निघतोच. आणि दर वेळी मला एक गोष्ट चकित करते. हॉलमधले निम्मे लोक इथल्या उजव्या पक्षाहून कडक असतात. "आम्ही रांगेतून आलो, डिग्री दाखवून आलो, टॅक्स भरतो. हे बोटीतून येणारे..." असं सुरू होतं. ज्याचं सी परमिट, म्हणजे कायम वास्तव्याचं, जितकं नवं तितका आवाज मोठा. आपल्यापेक्षा खाली कुणीतरी आहे हे कळल्याशिवाय आपल्याला वर चढल्यासारखं वाटत नाही की काय, देव जाणे. त्यातल्या एका गृहस्थांनी मागे आपल्या सासूबाईंचा मुक्काम वाढवून मिळत नाही म्हणून संपूर्ण स्विस व्यवस्थेला अमानुष म्हटलं होतं. मसालेभात वाढायला आला म्हणून तेव्हा वाचले.

पण कडक बाजूचं एक म्हणणं असं आहे ज्याला मला सरळ उत्तर सापडलेलं नाही, आणि ते म्हणणं माझ्या घरातच राहतं. माझा नवरा म्हणतो, मुक्त वावराचा करार होताना तज्ज्ञांनी काय सांगितलं होतं? युरोपातून वर्षाला आठ-दहा हजार वाढतील. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट वाढले. सरकारला जर आपलाच आकडा पाळता येत नसेल, तर लोकांनी आपला आकडा लिहून दिला तर त्यांचं चुकलं कुठे? २०२४ मध्ये उजव्या पक्षाने नव्या मतदानासाठी सादर केलेल्या सह्यांमागे हाच युक्तिवाद आहे. २०५० च्या आधी देशाची वस्ती एक कोटीवर जाता कामा नये, पंचाण्णव लाखांनाच सरकारने आश्रय आणि कुटुंबीयांना आणणं यांवर आवर घालायला लागावं, आणि शेवटी गरज पडली तर मुक्त वावराचा करारच सोडावा. वस्ती तेव्हा नव्वद लाखांवर पोचलेली होती. अख्खा देश मिळून मुंबईएवढा नाही, असं मी म्हणाले तर तो म्हणाला, "म्हणूनच तर. मुंबई बघून आलोय मी."

मी त्याला दाखवून दिलं की पंचाण्णव लाखांना पहिला हात कुणाकडे जाणार आहे ते बघ. कुटुंबीयांकडे. तू स्वतः कुठल्या कागदावर या देशात आलास? मी ८,५०० मधली एक होते, आणि तू त्या एकीचं कुटुंब होतास. त्या कायद्याखाली तू ठाण्यात बसून माझ्याशी व्हिडिओ कॉल करत असतास. त्यावर त्याने बराच वेळ ट्रामच्या खिडकीबाहेर बघितलं. आम्ही आठ नंबरने सीमेपलीकडे वाइलला जर्मन दराचं दूध-भाजी आणायला चाललो होतो. हे आपलं असंच, सांगून ठेवते. मग म्हणाला, "तेव्हाचं तेव्हा. आता किती झाले ते सांग."

त्याने नागरिकत्वाचा अर्ज भरलाय. भाषेचा दाखला कधीच मिळाला, आता मुलाखतीची तयारी चाललीय. रात्री जेवताना तो सात मंत्र्यांची नावं म्हणतो आणि मग ऱ्हाइनवरच्या चार होड्यांची, ज्या बिनइंजिनाच्या नुसत्या प्रवाहावर पलीकडे जातात: व्हिल्ड मा, लॉय, फोगल ग्रीफ, उएली. मुलगा त्याच्या उच्चारांना हसतो. मी अर्ज केलेला नाही. भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो, आणि त्याच्या बदल्यात मिळणाऱ्या कार्डावर ठाण्याच्या घरी जायचं माझ्या अजून जिवावर येतं. त्याला हा निव्वळ हळवेपणा वाटतो. मत द्यायचं नाही तर मतं कशाला मांडतेस, असंही तो म्हणतो.

म्हणजे अर्ज मंजूर झाला की मतदानाची लाल पुस्तिका आणि पाकीट आमच्याही पेटीत पडायला लागेल, आणि परक्यांवरचं पुढचं मतदान येईल तेव्हा आमच्या घरातून एक मत जाईल. ते माझ्या विरोधात जाईल. मी त्याला सांगून ठेवलंय, घरातली सगळी टपालाची कामं मी करते, पण ते पाकीट टाकायला तू स्वतः जायचंस.